पोर्चमधला ऑइलचा डाग : भुसा, जेट मशीन की लेप?

काय वापरायचं ते ठरवण्याआधी डागावर बोट फिरवून बघा. बोट काळं झालं तर ऑइल अजून वरच आहे. बोट कोरडं राहिलं तर ते आत मुरलंय. या दोन डागांची औषधं वेगळी आहेत, आणि बहुतेकांची मेहनत वाया जाते ती हे न बघितल्यामुळे.

ताज्या डागावर पाणी ओतू नका, पाण्याने तो फक्त पसरतो. भुशासारखं दुसरं काही नाही. आमच्या नागपुरात लकडगंजात आरागिरणीवर पोतंभर सहज मिळतो. नसेल तर चुलीची थंड राख किंवा कोरडी माती घ्या. जाड थर टाकायचा, जुन्या चपलेने दाबून रगडायचा, रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी भुशाचे काळपट गोळे झालेले दिसतात. ते झाडून कचऱ्यात टाका, नालीत नको. मग साबण पावडर, थोडं गरम पाणी आणि ताठ प्लास्टिकचा ब्रश. एवढ्यात बहुतेक काम होतं. फक्त उद्यावर ढकलू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, सिमेंट तव्यासारखं तापतं, ऑइल पातळ होतं आणि खाली उतरतं.

खरा प्रश्न जुन्या डागाचा.

जोराच्या पाण्याने धुणारी जेट मशीन भाड्याने आणली तर तासाभरात अख्खा पोर्च उजळतो, आणि म्हणूनच लोकांना ती आवडते. वरची काजळी, माती, शेवाळ ती छान काढते. पण सिमेंटच्या बारीक छिद्रांत मुरलेलं ऑइल नुसत्या पाण्याच्या जोराने वर येत नाही. दोन दिवसांनी फरशी वाळली की डाग पुन्हा दिसतो. पेव्हर ब्लॉक असतील तर सांध्यांतली रेती उडते आणि ब्लॉक हलायला लागतात. शिवाय ऐन उन्हाळ्यात इतकं पाणी घालवायचं, आणि ते तेलकट पाणी नालीवाटे नाग नदीकडे जाणार. मला ते पटत नाही.

लेपाला वेळ लागतो, पण मुरलेल्या डागावर मी तोच करीन. मुलतानी मातीत भांड्यांचं लिक्विड किंवा गॅरेजवाले वापरतात तो डीग्रीझर घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, अर्धा इंच जाड थापायचं, वर प्लास्टिक टाकून कडेला विटा ठेवायच्या. हे संध्याकाळीच करा, दुपारी लेप काम करण्याआधीच वाळतो. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्या, कारण वाळतानाच माती ऑइल वर ओढते. आमच्या पोर्चमध्ये पहिला लेप पत्र्याच्या पट्टीने उचलला तेव्हा त्याची खालची बाजू चहासारखी तपकिरी झाली होती. दुसऱ्या लेपाची फिकी निघाली, तिसऱ्याची जवळपास मातीच्याच रंगाची. डागाची सावली अगदी ओल्या फरशीवर अजून दिसते, वाळल्यावर नाही.

धुण्याचा सोडा स्वस्त आहे, साबणाबरोबर मदतही करतो. पण कढईवरच्या तेलासारखा परिणाम धरू नका. खाद्यतेलाचा सोड्याशी साबण होतो. साधं इंजिन ऑइल खनिज तेल असतं, त्याचा होत नाही.

अ‍ॅसिड मात्र घेऊच नका. ते ऑइलला हातही लावत नाही, सिमेंट खातं. कोटा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड, त्यांच्यावर ते पडलं की फेस येतो आणि पॉलिश कायमचं जातं. दुकानदाराच्या सांगण्यावरून आम्ही एकदा टाकलं होतं. ऑइलचा डाग राहिलाच, भोवती पांढरट खरखरीत वर्तुळ पडलं. आईने हौसेने निवडलेला तो कोटा होता. अजून वाईट वाटतं. रॉकेल-पेट्रोलही नको, डाग पातळ होऊन आणखी खोल जातो आणि आगीची भीती वेगळी.

थोडक्यात निवड अशी : आजचा डाग असेल तर भुसा आणि साबण. महिन्याचा असेल तर लेप, कोटा-शहाबादीवरसुद्धा, पण आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून बघा. जेट मशीन फक्त पूर्ण पोर्च मळला असेल तरच, आणि तीही लेपानंतर.

लेप लावण्याच्या आदल्या रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर थेंब कुठे आणि कोणत्या रंगाचा आहे ते बघा. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं. काळं किंवा मधाच्या रंगाचं असेल तर मेकॅनिकला पुठ्ठाच दाखवा. ड्रेन बोल्टचा वायसर की ऑइल फिल्टर, हे शोधणं त्याला सोपं जाईल.