क्रोएशियातलं दुब्रोव्निक: शहर कुठून बघावं, जुन्या शहराच्या तटबंदीवरून की सर्ज डोंगरावरून?

एकासाठीच वेळ असेल तर तटबंदी. १९४० मीटरची फेरी, दीड-दोन तास, एकाच दिशेने. सावली जवळपास नाहीच, म्हणून दार उघडताच चढा. पश्चिमेच्या पिले दरवाजापाशी रांग लागते, पूर्वेच्या प्लोचे दरवाजाकडून तुलनेने निवांत. कौलं मात्र नीट बघा: फिकट, डागाळलेली ती जुनी, भडक केशरी ती १९९१-९२च्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली. तिकीट फेकू नका, लोव्रियेनाक किल्ल्यालाही तेच चालतं.

सर्ज ४१२ मीटर उंच, रोपवे चारेक मिनिटांत वर नेतो. इथून शहराचा आकार आणि लोक्रुम बेट एका नजरेत येतं, कौलं नाही. जोराचा वारा सुटला की रोपवे बंद. मग खडकाळ नागमोडी वाटेने पायपीट.