उसात २,४-डी: अमाईन सॉल्ट घ्यावं की इथाइल ईस्टर?

२,४-डी हे रुंद पानाच्या तणांवरचं तणनाशक. कृषी सेवा केंद्रात त्याच्या दोन्ही प्रकारांच्या बाटल्या शेजारीशेजारी असतात, अमाईन सॉल्ट ५८ टक्के आणि इथाइल ईस्टर ३८ टक्के. "उसाला कुठलं सोसेल?" हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. मी म्हणेन, आधी बांधापलीकडे काय उभं आहे ते बघा.

कारण झाडात शिरल्यावर दोन्हींचं एकच आम्ल होतं. ईस्टर पानाच्या मेणचट थरातून झटकन आत जातं आणि झाडाचीच एस्टरेज एन्झाइमं (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) ते फोडून आम्ल मोकळं करतात. पुढे ऊस, गहू अशी गवतकुळातली पिकं या आम्लाचा कायमचा बंदोबस्त करतात. सायटोक्रोम पी४५० गटातलं एन्झाइम रेणूच्या कड्यावरचा चौथ्या जागेचा क्लोरीन पाचव्या जागी सरकवतं आणि रिकाम्या जागी हायड्रॉक्सिल बसवतं. मग दुसरं एन्झाइम त्यावर ग्लुकोज चढवतं. एवढं झालं की रेणू पुन्हा मूळपदावर येत नाही. रुंद पानाची झाडं मात्र कड्याला फारसा हात लावत नाहीत. ती रेणूच्या शेपटाला अमिनो आम्ल किंवा साखर बांधतात, आणि ही गाठ सुटू शकते. सुटली की विष परत मोकळं! गाजरगवताचा शेंडा पिळवटतो, तशीच कपाशीही भोगते.

ईस्टरच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. जून तणावर ते जास्त चालतं, आणि साधारण तासाभराची उघडीप त्याला पुरते. अमाईनला सहा-आठ तास लागतात. पण उन्हात ईस्टरची वाफ होते आणि फवारणी संपल्यावरही ती शेजारच्या शिवारात जाते. अशी झळ लागलेल्या कपाशीचं कोवळं पान हातावर घेऊन पाहा: बोटांसारखं लांबट, अरुंद, शिरा एकमेकींना चिकटून समांतर गेलेल्या. दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टावर असं पान उगवावं, हे मला सहन होत नाही.

म्हणून जवळपास कपाशी, द्राक्ष, टोमॅटो किंवा तूर असेल तर अमाईनच घ्या, तेही वारा शांत असताना, कारण थेंब दोन्हींचे उडतात. चहूबाजूंनी ऊसच असेल आणि पाऊस तोंडावर असेल, तरच ईस्टर. दोन्हींची तीव्रता वेगळी, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.

मॅलॅथिऑनसारखं ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशक त्याच टाकीत मिसळू नका. ते पी४५० एन्झाइमांनाच अडवतं. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये माठाच्या कुळातलं एक तण याच एन्झाइमांच्या जोरावर २,४-डीला दाद देईना; मॅलॅथिऑन दिल्यावर ते पुन्हा बळी पडू लागलं. उसाची ढालही याच एन्झाइमांची आहे.