जुन्या मराठी फाइलींसाठी व्हर्च्युअल मशीन: विंडोज ९८ घ्यावी की एक्सपी?

१९९७-९८ पासून पुढची आठ-दहा वर्षं टाइप झालेला मराठी मजकूर, मग तो दिवाळी अंकातला लेख असो, संस्थेचं इतिवृत्त असो की कुणाचा प्रबंध, आज उघडला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मजकूर हरवलेला नसतो. श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट टाकला की मराठी परत दिसतं. फक्त वाचायचंच असेल तर फॉन्ट टाकून लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडा, व्हर्च्युअल मशीनची (आजच्या संगणकातच सॉफ्टवेअरने चालवलेल्या वेगळ्या संगणकाची) गरज नाही. अडचण एकच: फॉन्ट जुन्या टाइप १ प्रकारातला असेल तर लिब्रेऑफिस ५.३ पासून तो चालत नाही.

पानं मात्र छापली होती तशीच हवी असतील तर त्या काळची विंडोज आणि त्या काळचं वर्ड लागतं.

विंडोज ९८ हलकी आहे, अ‍ॅक्टिव्हेशनची (परवाना पडताळून घेण्याची) कटकट नाही. पण व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी गेस्ट अ‍ॅडिशन्स नाहीत. म्हणजे मुख्य संगणकाशी जोडलेला शेअर्ड फोल्डर नाही, प्रत्येक फाइल आयएसओ (सीडीची प्रतिमा असलेली फाइल) करून आत न्यायची. ५१२ एमबीच्या वर रॅम दिली की ती अडखळते, आणि नव्या प्रोसेसरवर मेमरी हाताळणीतल्या दोषामुळे कोसळते. त्यासाठी पॅचर९एक्स नावाची दुरुस्ती लावावी लागते. ८६बॉक्समध्ये जुना संगणकच सॉफ्टवेअरने उभा केला जातो, त्यामुळे हा त्रास टळतो. वेग मात्र बराच कमी मिळतो.

एक्सपी ५१२ एमबीत आरामात चालते, शेअर्ड फोल्डर मिळतो. टाइप १ फॉन्ट ती थेट घेते. ९८ ला त्यासाठी वेगळं अडोबी टाइप मॅनेजर लागतं. माझ्या मते निर्णय मात्र युनिकोडवर (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीवर) होतो. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण केली (त्या वेळी इन्स्टॉलेशनची सीडी जवळ हवी) की मंगल फॉन्टमध्ये देवनागरी नीट जुळते. मग जुन्या फॉन्टमधलं मूळ पान आणि युनिकोडमध्ये रूपांतर केलेला मजकूर शेजारीशेजारी ठेवून तपासता येतो. रफार आणि जोडाक्षरं नेमकी कुठे बिघडली, हे असंच सापडतं. ९८ वर हे जमत नाही. एक्सपीची अडचण अ‍ॅक्टिव्हेशनची, त्यामुळे परवान्याची की आधी शोधून ठेवा.

ऑफिस ९७ आणि २००३ यांचं डॉक स्वरूप एकच. तरी फाइल ज्या आवृत्तीत बनली तीच आधी वापरून पाहा. वर्ड ९७ ओळी मोडताना निवडलेल्या प्रिंटरची मापं वापरतं. प्रिंटर बदलला की ओळ सरकते आणि पानं पुढेमागे होतात. म्हणून एक्सपीबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरपैकी मूळ प्रिंटरच्या जवळचा निवडा. प्रत्यक्ष प्रिंटर लागत नाही. पीडीएफ हवी तर पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) ड्रायव्हरने फाइलमध्ये प्रिंट काढा आणि मुख्य संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिचं रूपांतर करा. त्याआधी त्या ड्रायव्हरमुळे पानं हलली नाहीत ना, तेवढं पाहा. युनिकोड मजकुरासाठी मात्र २००३ च बरं.

व्हर्च्युअलबॉक्स की त्याच प्रकारचं व्हीएमवेअर, यावर फार वेळ घालवू नका. एक्सपी दोन्हींवर चालते, आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे. एम मालिकेच्या चिपचा मॅक असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी चालणारच नाही. तिथे यूटीएम हे मॅकवरचं सॉफ्टवेअर घ्या. संथ आहे, पण वर्डपुरतं पुरतं.

९८ ची वाट धरावी ती एक्सपीवर बसायलाच नकार देणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकवर (परवाना तपासणाऱ्या छोट्या उपकरणावर) ते अवलंबून असेल तर चालू स्थितीतला जुना संगणक शोधणं जास्त खात्रीचं.

एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यामुळे फॉन्ट आणि ऑफिस टाकून झालं की व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद करा, आणि पहिली फाइल उघडण्याआधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या.