पिट्यूटरीच्या ऑपरेशननंतर थायरॉक्सीनची गोळी : अकरा महिन्यांचा अनुभव

लग्नात माझ्या हातात दोन-चारचा चुडा भरला होता. चाळिशीला आले तेव्हा दोन-आठच्या बांगड्याही साबण लावल्याशिवाय चढेनात. "वहिनी, हात सुजलाय का हो?" असं कासारकाका दर वेळी विचारायचे. अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली, चपलेचं माप सहावरून आठवर गेलं, घोरणं इतकं वाढलं की लेक दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. सगळे म्हणायचे, वय झालं, अंग सुटलं. शेवटी दातांत पडलेल्या फटी दाखवायला गेले, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी माझा लग्नातला फोटो मागितला. तिथून अॅक्रोमेगलीचं निदान झालं : मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ होऊन ग्रोथ हार्मोन जास्त बनतं आणि हात-पाय, चेहरा वाढत जातो. नोव्हेंबर २०२३मध्ये नाकातून दुर्बिणीने ती गाठ काढली.

मला लिहायचंय ते मात्र त्यानंतर सुरू झालेल्या थायरॉक्सीनच्या, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनच्या, गोळीबद्दल. आमच्या आजारात ही गोळी इतर थायरॉइडवाल्यांसारखी वापरून चालत नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं.

ऑपरेशननंतर आठवड्याभरात घाम थांबला. आधी जानेवारीतही पदर ओला व्हायचा, म्हणून केवढा आनंद झाला होता. पण फेब्रुवारी उलटला तरी मी साताऱ्यात भर दुपारी स्वेटर घालून बसायची. कातडी कोरडी पडली, पोट साफ होईना, दोन जिने चढले की भिंत धरावी लागायची. मी समजत होते, ऑपरेशनचा थकवा आहे. डोळ्यांवर झापड, जड आवाज, सुजलेला चेहरा, बोटांना मुंग्या ही लक्षणं अॅक्रोमेगलीतही असतात आणि थायरॉइड कमी पडल्यावरही. त्यामुळे जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे घरच्यांनाच काय, मलाही कळत नव्हतं.

मोठ्या रुग्णालयातली तपासणीची तारीख सासऱ्यांच्या आजारपणात हुकली होती. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉइडला काम सांगणारं पिट्यूटरीचं हार्मोन) १.९. "थायरॉइड अगदी नॉर्मल आहे, लोह घ्या." तो कागद घेऊन मी पाच महिने काढले. आजही त्या पाच महिन्यांचं मला वाईट वाटतं, कारण तेव्हाच आणखी एक आकडा मागितला असता तर भागलं असतं.

तो आकडा म्हणजे फ्री टी-४, रक्तात मोकळं फिरणारं खुद्द थायरॉइडचं हार्मोन. ऑगस्टमध्ये एंडोक्राइनच्या, म्हणजे हार्मोनच्या, डॉक्टरांनी तो करून घेतला. आला ०.६, आणि त्या लॅबची खालची मर्यादा होती ०.९. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नेहमीच्या आजारात गळ्यातली थायरॉइड ग्रंथीच कमी काम करते, म्हणून पिट्यूटरी टीएसएच वाढवून तिला जोर लावते आणि टीएसएच चढलेला दिसतो. माझ्या बाबतीत काम सांगणारी पिट्यूटरीच दुबळी झाली होती, आधी गाठीच्या दाबाने आणि मग ऑपरेशनने. अशा वेळी टीएसएच कमी असतो किंवा नॉर्मलही दिसतो, पण त्यात पुरता जोर नसतो. म्हणून एकट्या टीएसएचवर विसंबायचं नाही.

गोळी लगेच सुरू झाली नाही, हे मुद्दाम सांगते. त्यांनी आधी सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपण-ताण झेलायला लागणारं हार्मोन, तपासलं. तेही कमी निघालं. कॉर्टिसॉल कमी असताना थेट थायरॉक्सीन दिलं तर शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी) आणि काही दिवसांनी थायरॉक्सीन, असा क्रम होता. पिट्यूटरीचं ऑपरेशन झालेल्या कोणालाही थायरॉक्सीन लिहून मिळालं, तर आधी कॉर्टिसॉल तपासलं का हे डॉक्टरांना नक्की विचारावं.

सुरुवात ५० मायक्रोग्रॅमने झाली. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, आणि नवऱ्याला वाटलं गोळी लागू पडत नाही. पण हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावायला सहा-आठ आठवडे जातात. पाचव्या आठवड्यात पोट सुधारलं. मग हळूहळू थंडी वाजणं गेलं. आठ आठवड्यांनी फ्री टी-४ १.० आला, डोस ७५ झाला, पुढे १००. आता १.४ आहे. नॉर्मलच्या वरच्या अर्ध्या भागात तो ठेवायचा असं डॉक्टरांचं म्हणणं.

मधे एक चूक झाली. जानेवारीत खोकल्यासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी फाइलमध्ये टीएसएच ०.०५ पाहिला आणि डोस फार झालाय म्हणून गोळी २५वर आणली. मी ऐकलं. महिनाभरात पुन्हा भिंत धरून जिना चढायला लागले. आमच्यासारख्यांचा टीएसएच गोळी सुरू असताना खाली जाणं अपेक्षितच असतं. नेहमीच्या रुग्णात तो आकडा जास्त डोस दाखवतो, माझ्यात नाही.

वापराचं सांगायचं तर पहाटे साडेपाचला उठल्याबरोबर गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा साडेसहाला. हा एक तास पाळणं मला सगळ्यात जड गेलं, कारण सासूबाई उठल्या की आधी आधण ठेवतात. आता त्याच म्हणतात, "अगं, तुझी गोळी होऊन तास झाला का?" लोह आणि कॅल्शियम गोळीपासून किमान चार तास लांब, म्हणून मी ती दुपारी आणि रात्री जेवणानंतर घेते. नवरात्रात उपवास असले तरी ही गोळी चालू ठेवली. रक्त द्यायचं त्या दिवशी गोळी नमुना दिल्यावर घेते, नाहीतर फ्री टी-४ वाढलेला येतो. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत होते, तेही तपासणीआधी डॉक्टरांना विचारून बंद करते, कारण त्याने आकडे चुकतात.

एखाद्या दिवशी थायरॉक्सीन राहिलं तर आकाश कोसळत नाही. हायड्रोकॉर्टिसोन मात्र चुकवायचं नाही, आणि ताप आला तर तेच वाढवायचं हे घरात सगळ्यांना पाठ आहे. दोन्ही बाटल्या मी वेगळ्या कप्प्यांत ठेवते. थायरॉक्सीनला उष्णता, ओल आणि उजेड चालत नाही, म्हणून ते गॅसशेजारच्या फळीवरून कपाटात हलवलं, मूळ बाटलीतच. किंमत परवडण्यासारखी आहे, आणि ग्रोथ हार्मोन दाबण्यासाठी दर महिन्याला घेत असलेल्या ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनपुढे तर ती जाणवतही नाही.

गोळीकडून एक अपेक्षा ठेवू नका. माझ्या गळ्यात थायरॉइडच्या गाठीही आहेत. ग्रोथ हार्मोन वाढलं की आयजीएफ-१ हे वाढीचं दुसरं हार्मोन वाढतं आणि ते थायरॉइडच्या पेशींनाही वाढवतं, म्हणून अॅक्रोमेगलीच्या पुष्कळ रुग्णांत गलगंड किंवा गाठी सापडतात. बहुतेक साध्याच असतात. माझी सर्वांत मोठी १.८ सेंटिमीटरची, सुईने तपासली, साधी निघाली. तो अहवाल येईपर्यंतचे सहा दिवस मी देवापुढून हलले नव्हते. थायरॉक्सीनने त्या गाठी विरत नाहीत. आयजीएफ-१ आटोक्यात राहिलं तर ग्रंथीचा आकार थोडा उतरू शकतो, म्हणूनच इंजेक्शन चालू आहे. कधी एखादी गाठ स्वतःच हार्मोन जास्त बनवायला लागते, तेव्हाही टीएसएच खाली जातो. तसं झालं तर फ्री टी-४ आणि टी-३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) यांवरूनच कळेल.

पाचपैकी साडेचार तारे देईन. अर्धा कमी, कारण दुपारचा जडपणा अजून पूर्ण गेलेला नाही.

दोन-आठच्या बांगड्या अजूनही तशाच आहेत, हाडं मागे येत नाहीत. पण त्या आता साबणाशिवाय चढतात. पुढच्या महिन्यात सोनोग्राफी आणि आयजीएफ-१ आहे. फाइलच्या पहिल्याच पानावर लेकीने लाल पेनने ठळक लिहून दिलंय : 'पिट्यूटरीचं ऑपरेशन झालेलं आहे. डोस फ्री टी-४ बघून ठरवा, टीएसएचवरून नाही.' कोणत्याही दवाखान्यात गेले की आधी तेच पान उघडून देते.