आउटबोर्ड की इनबोर्ड डिझेल? मुंबई-मांडव्याच्या पाण्यासाठी
मुंबई बंदरातून मांडवा आणि पुढे खांदेरी-उंदेरीपर्यंत फिरणाऱ्या 25 फुटी मोटर यॉटसाठी माझा कौल आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाला आहे; इनबोर्ड डिझेल बोटीच्या आत बसतं. कारण इथलं पाणी. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो, पाणी गढूळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवी पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकली की इंजिन बंद करून आउटबोर्ड वर उचलायचं आणि ती हाताने सोडवायची. इनबोर्डला अशा वेळी पाण्यातच उतरावं लागतं, तेही ओढ असलेल्या पाण्यात. बोट उभी असतानाही आउटबोर्ड पाण्याबाहेर ठेवता येतं, म्हणून पंख्यावर कालवं धरत नाहीत. परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुणं (फ्लश) मात्र चुकवू नये.

आगीच्या बाबतीत डिझेल निःसंशय सरस. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साचते. डिझेल इतक्या सहज पेट घेत नाही. मुरुडच्या पुढे वारंवार जाणाऱ्यांनी डिझेलच घ्यावं, इंधनही कमी लागतं. पण इम्पेलर (थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचं चाक), हीट एक्स्चेंजर (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणारा भाग), शाफ्टचं सील (पंख्याच्या दांड्याभोवती पाणी रोखणारा भाग) हे सगळं अरुंद जागेत वाकून तपासायचं, हे आधीच लक्षात घ्या.

इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड दोन्हींना लागतात. अर्धे झिजले की बदला, पावसाळ्यात बोट वर काढेपर्यंत थांबू नका.