डॅलसजवळचा बंदूक-सुरक्षेचा वर्ग: शिकवणं उत्तम, एक उणीव

टेक्सासमध्ये मुलांना मित्रांकडे खेळायला पाठवायचं, तर आपल्याला बंदुकीतलं थोडं कळलेलं बरं, म्हणून इथल्या इनडोअर रेंजवरचा नवशिक्यांचा वर्ग केला. फी 90 डॉलर. गोळ्या, चष्मा, कानाचे मफ त्यातच.

शिकवणारे निवृत्त सैनिक. एआर-15 ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल रिकामी असल्याची खात्री त्यांनी स्वतः केली, मग आमच्यातल्या दोघांकडून करून घेतली. चाप ओढला, टक्. तो तसाच दाबून धरून मागचं हँडल खेचून सोडलं, म्हणजे गोळी सुटल्यावर बंदूक आपोआप करते ते हाताने केलं. काहीच झालं नाही. बोट हळूच सैल केल्यावर बारीकसं क्लिक ऐकू आलं आणि पुन्हा चाप ओढला तेव्हाच आतला घोडा पडून टक् झालं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुढची गोळी आपोआप भरली जाते, पण प्रत्येक गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो. पूर्ण ऑटोमॅटिक एम-16 या लष्करी रायफलीचा चाप दाबून धरला की मिनिटाला 700 ते 950 च्या वेगाने गोळ्या सुटतच राहतात. 30 चं मॅगझिन दोन-अडीच सेकंदांत संपतं.

दोन्ही दिसायला जवळपास सारख्या, त्यामुळे घोळ होतो. पण रूपावर जाऊ नका. राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं, त्या 25 मीटर प्रकारातलं .22 चं पिस्तूलही सेमी-ऑटोमॅटिकच असतं.

पुण्याचे नातेवाईक दर वेळी विचारतात, 'तिकडे मशिनगन दुकानात मिळते ना?' अशी सहज मिळत नाही. 1934 पासून नोंदणी आणि 200 डॉलरचा कर लागू झाला, आणि 19 मे 1986 नंतर नोंदलेली मशिनगन सामान्य नागरिकाला विकत घेता येत नाही. त्याआधीच्या मोजक्याच उरल्या, म्हणून त्यांच्या किमती हजारो डॉलरच्या घरात.

'मग सेमीला एवढं काय घाबरायचं?' असं एकाने विचारलं. सरांनी ते तिथल्या तिथे खोडलं: गोळी तीच, जखमही तीच. हे त्यांनी ठणकावून सांगितलं याचं मला फार बरं वाटलं.

उणीव एकच, पण मोठी: बंप स्टॉकबद्दल, म्हणजे रायफलीच्या मागच्या दस्त्याच्या जागी बसवायच्या सरकत्या जोडणीबद्दल, अवाक्षर नाही. 2017 च्या लास वेगास गोळीबारात 60 माणसं गेली, ती याच जोडणीमुळे जवळपास मशिनगनसारख्या चाललेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींनी. बंदुकीच्या धक्क्याने चाप पुन्हा पुन्हा बोटावर आपटतो. दर गोळीला चाप नव्याने ओढला जातोच, म्हणून ही मशिनगन नव्हे, असं सांगत सुप्रीम कोर्टाने जून 2024 मध्ये त्यावरची बंदी उठवली. मी विचारलं तर सरांनी 'ते राजकारण आहे' म्हणून विषय बदलला. मला मुळीच पटलं नाही. सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच आहे.

जाणार असाल तर मफच्या आत कानात फोमचे बोळे घाला, बंद जागेत आवाज भयंकर घुमतो. शेवटचा अर्धा तास तिजोरी आणि चापाच्या कुलपावर आहे. लहान मुलं असतील तर तेवढ्यासाठी थांबाच.