गिंपवर लग्नाचं कृष्णधवल पोर्ट्रेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

लग्नाचे रंगीत पोर्ट्रेट कृष्णधवल करणं आणि घरातले जुने लग्नाचे फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं, ही दोन्ही कामं गेले काही महिने मी फक्त गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरवर करतेय. त्याआधी बरीच वर्षं फोटोशॉपची सवय होती. वर्गणी बंद केली, गिंप ३.० उतरवून घेतलं, आणि या दोन कामांपुरतं तरी परत जावंसं वाटलेलं नाही. तरीही डोळे झाकून कोणालाही सुचवावं असं हे सॉफ्टवेअर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गिंप पूर्णपणे मोफत आहे. १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यातले दोनच टप्पे महत्त्वाचे. २०१८ च्या २.१० आवृत्तीत १६ आणि ३२ बिटमध्ये काम करण्याची सोय आली, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून लावलेला फिल्टर नंतरही उघडून बदलता येतो. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २५६ पायऱ्या असतात. रंगीत फोटोत तेवढ्यावर भागतं, कारण लाल, हिरवा आणि निळा असे रंगाचे तीन चॅनल (थर) एकमेकांची उणीव झाकतात. कृष्णधवलमध्ये झाकायला काही उरत नाही. उजेड-अंधार बदलणारा कर्व्ह जरा ओढला की नवरा-नवरीमागच्या साध्या पडद्यावर पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि पट्ट्यांचा प्रश्न जवळजवळ मिटतो. त्यामुळे फोटो उघडला की आधी प्रिसिजन, म्हणजे या पायऱ्यांची संख्या, १६ बिट करायचं आणि मगच बाकीच्या कामाला हात घालायचा.

आता मुख्य मुद्दा. कृष्णधवल म्हणजे रंग काढून टाकणं, अशी बहुतेकांची समजूत असते. गिंपमध्ये डिसॅच्युरेट दाबलं की एका क्षणात ते होतंही. पण आपल्याकडची नवरी म्हणजे लाल कुंकू, हिरवा चुडा, मेंदी, हळदीने पिवळसर झालेली कातडी आणि जरीकाठी शालू. हे सगळं रंगाच्या जोरावर वेगळं दिसतं. रंग गेला की कशाला कुठली राखाडी छटा द्यायची ते आपणच ठरवायचं असतं, आणि त्यासाठी मोनो मिक्सर आहे. रंगांच्या मेनूत डिसॅच्युरेटच्या खाली सापडतो. लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलचा वाटा किती घ्यायचा ते सांगणाऱ्या तीन पट्ट्या त्यात असतात, सुरुवातीला तिन्ही सारख्याच.

लाल वाढवला की चेहरा उजळतो, डाग आणि पुरळ विरून जातात, त्वचा नितळ दिसते. अल्बमवाल्यांना हे फार आवडतं. पण त्याच वेळी कपाळावरचं कुंकू फिकं पडत जातं आणि लाल पुरेसा वाढला की दिसेनासं होतं. मेंदीचंही तेच. लालसर तपकिरी रंग लाल चॅनलमध्ये त्वचेइतकाच उजळ असतो, त्यामुळे कितीतरी तास बसून काढलेली नक्षी तळहातावरून पुसली जाते. ओठांचा रंगही उतरतो. उलट हिरवा वाढवला की कुंकू गडद आणि ठसठशीत होतं, मेंदीची एकेक रेघ उठून दिसते, पण गालावरचे डागही वर येतात. निळ्याचा वाटा मी कमीत कमी ठेवते. हळदीचा पिवळेपणा निळ्यात काळपट उतरतो आणि मानेवर, कानामागे चट्टे पडल्यासारखं दिसतं.

आजीच्या काळातल्या फोटोंत कुंकू अगदी काळंकुट्ट का दिसतं, याचंही उत्तर इथेच आहे. ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्मना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तर त्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली धुता यायच्या. लाल वस्तू कागदावर काळी उतरायची. तो जुना भाव हवा असेल तर सेपियाचा फिल्टर लावून मिळत नाही. मिक्सरमध्ये लाल जवळपास शून्यावर आणा आणि हिरव्यावर भर द्या, मग कुंकू तसं दिसायला लागतं.

ही ओढाताण सोडवायला मी एकाच फोटोचे दोन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, करते. खालच्याला लालवर भर देणारा मोनो मिक्सर, वरच्याला हिरव्यावर भर देणारा, ढोबळमानाने लाल ०.२, हिरवा ०.७, निळा ०.१. वरच्या लेयरला काळा मास्क लावायचा, म्हणजे तो सगळा झाकला जातो, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त कुंकू, ओठ, हात आणि शालूचे काठ उघडायचे. जुन्या आवृत्तीत आकडा चुकीचा वाटला की सगळं पुन्हा करावं लागायचं. आता लेयरवरच्या फिल्टरच्या खुणेवर क्लिक करून आकडा बदलता येतो, मास्कला धक्का लागत नाही. हिरव्या शालूचे लाल काठ असतील तर मात्र पट्ट्या सावकाश सरकवा. मध्ये एक जागा अशी येते की दोन्ही रंग हुबेहूब एकाच राखाडीत मिसळतात आणि काठ नाहीसा होतो.

चेहऱ्याच्या सफाईला वेव्हलेट डिकंपोज वापरते. तो फोटोचे पाच थर आणि खाली उरलेला एक थर असे भाग पाडतो, बारीक पोत वरच्या थरांत आणि मोठ्या छाया खालच्या. डोळ्याखालची काळी वर्तुळं खालच्या थरात हलकी करता येतात, त्वचेची रंध्रं वर शाबूत राहतात. चेहरा मेणाचा होत नाही. याचं मला खरंच कौतुक आहे.

जुन्या फोटोंचा अनुभव वेगळा. मूळ फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, हे कळकळीने सांगते. पिवळे पडलेले डाग निळ्या चॅनलमध्ये सर्वांत ठळक आणि लालमध्ये सर्वांत पुसट असतात. रंगीत स्कॅनचे तीन चॅनल डिकंपोजने वेगळे करून फक्त लाल ठेवला की निम्मी दुरुस्ती तिथेच होते. ४ × ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, घरच्या फ्रेमला तेवढं पुरतं. काळ्या भागावर चढलेली चंदेरी निळसर झाक मात्र स्कॅनरच्या दिव्यात चमकते. अशा वेळी खिडकीच्या तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने फोटो काढलेला बरा.

ओरखड्यांसाठी, आजूबाजूचा पोत घेऊन डाग झाकणारं हील टूल छान आहे, एकेक ओरखडा हाताने घासायची तयारी असेल तर. डिस्पेकल फिल्टर मात्र लग्नाच्या फोटोला लावू नका. त्याला पांढरा ठिपका म्हणजे धूळ एवढंच कळतं. केसांत अडकलेली अक्षता, मुंडावळ्यांचे मणी, नथीतला मोती, सगळं तो सारख्याच निष्ठेने पुसतो. दोनशे टक्के मोठं करून पाहिलं तरच धूळ कुठली आणि अक्षता कुठली ते कळतं: धुळीची कड धारदार असते, अक्षतेची कड मूळ फोटोइतकीच मऊ. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करत, त्याच्या बारीक रेघाही कधीकधी गालावर दिसतात. त्या मी ठेवते. त्या कारागिराच्या हाताच्या खुणा आहेत, फोटोचाच भाग आहेत.

एका क्लिकवर चेहरा 'स्पष्ट' करून देणारी एआय साधनंही पाहिली. पुसट चेहऱ्यावर ती नवे डोळे बसवतात, आणि ते डोळे आपल्या माणसाचे नसतात. घरातल्या थोरांना हे लगेच जाणवतं. नातवंडांना मात्र जाणवत नाही, कारण त्यांनी तो चेहरा पाहिलेलाच नसतो, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता उणिवा. फोटोशॉपसारखा स्वतंत्र अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ फोटोला हात न लावता बदल वर ठेवणारा थर) अजूनही नाही. फिल्टर लेयरला किंवा ग्रुपलाच लावावा लागतो, सवय मोडायला वेळ जातो. कॅमेऱ्याची रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) गिंप स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे दुसरं सॉफ्टवेअर सोबत ठेवावं लागतं. २४ मेगापिक्सेलचा एक लेयर १६ बिटमध्ये मेमरीत साधारण १४४ एमबी घेतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर सात-आठ लेयर झाले की हील टूल अडखळत चालतं. घाईच्या अल्बमच्या कामाला, एका रात्रीत शंभर फोटो द्यायचे असतील तर, हे घेऊ नका. एका पोर्ट्रेटवर संध्याकाळ घालवायची असेल तर जरूर घ्या.

प्रिंटबद्दल एक सांगते. लॅबमध्ये बहुतेक वेळा रंगीत कागदावरच प्रिंट निघतो, त्यामुळे कृष्णधवल फोटोला हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. त्यात लॅबच्या मशिनने स्वतःहून करेक्शन केलं तर जपून ठेवलेल्या गडद छटा उजळून जातात. माझ्या एका मोठ्या प्रिंटचं असंच झालं. तेव्हापासून एक्ससीएफ (गिंपची स्वतःची, लेयरसकटची फाइल) स्वतःकडे ठेवते, लॅबला ग्रेस्केल (फक्त राखाडी छटांची) फाइल न देता एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतला जेपेग देते, 'करेक्शन नको' असं ऑर्डरवर लिहून घेते, आणि आधी ४ × ६ ची एक प्रत मागवते. ती दिवसाच्या उजेडात पाहायची, ट्यूबलाइटखाली नाही. शालूच्या काळ्या भागात घड्या दिसल्या आणि नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर शिवण दिसली, तरच १२ × १८ ची ऑर्डर द्यायची.